सुई कोणत्या डब्यात, आणि गुण किती?

वॉर्डात इंजेक्शन देऊन झालं, हातात वापरलेली सिरिंज आहे. सुई कापून पांढऱ्या, सहज न भेदल्या जाणाऱ्या डब्यात जाते आणि उरलेली प्लास्टिकची सिरिंज लाल पिशवीत. रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, औषधाची रिकामी काचेची कुपी निळ्या डब्यात, हातमोजे लाल पिशवीत. रक्त देऊन झाल्यावर उरलेली रक्तपिशवी मात्र गोंधळात टाकते. ती प्लास्टिकची असल्यामुळे हात आपसूक लाल पिशवीकडे वळतो. नियमाने तिची जागा पिवळ्या पिशवीत आहे.

भारतात ही रंगांची वाटणी जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 ने ठरवून दिली. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यावं, असंही हेच नियम सांगतात. कितीजणांचं प्रशिक्षण झालं आणि कितीजणांचं राहिलं, हे रुग्णालयाला वार्षिक अहवालात द्यावं लागतं. डॉक्टर, सिस्टर, लॅब टेक्निशियन, वॉर्डातल्या मावशी आणि मामा, सफाई कर्मचारी अशा सगळ्यांना तीन पाळ्यांतून काढून एका हॉलमध्ये एका वेळी बसवणं जवळजवळ अशक्य असतं. त्यामुळे आता पुष्कळ ठिकाणी हे प्रशिक्षण मोबाइलवर आलं आहे. व्हिडिओ पाहायचा, प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र घ्यायचं.

असा ऑनलाइन कोर्स बांधायला घेतला की एक निर्णय फार लवकर समोर येतो. आर्टिक्युलेट स्टोरीलाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रश्न टाकताना तो गुणांकित आहे की नुसता सर्व्हेचा, हे सुरुवातीलाच निवडावं लागतं. गूगल फॉर्ममध्ये ‘क्विझ’चं एक बटण असतं, ते चालू किंवा बंद. बहुतेकजण क्षणभरही न थांबता गुणांचा पर्याय घेतात: दहा प्रश्न, उत्तीर्ण व्हायला 80 टक्के, पास झाला तर प्रमाणपत्र, नापास झाला तर पुन्हा प्रयत्न. शाळेपासून आपण हेच पाहत आलो आहोत, त्यामुळे वेगळं काही सुचत नाही. पण या एका निवडीवर पुढचं बरंच काही ठरतं. लोक कोर्सकडे कसे बघतील, खरी उत्तरं देतील की कुणाकडून तरी मागवतील, आणि प्रशिक्षण देणाऱ्याला शेवटी काय कळेल, हे सगळं.

माझं म्हणणं असं आहे की प्रश्न भरपूर विचारावेत, पण गुण तिथेच द्यावेत जिथे त्या गुणांवरून कुणीतरी काही ठरवणार आहे. बाकी ठिकाणी प्रश्न असावेत, उत्तर चूक का बरोबर ते लगेच सांगावं, कारण सांगावं, आणि आकडा ठेवूच नये.

यातली पहिली अडचण अशी की प्रश्न आणि गुण या दोन गोष्टी आपण एकच समजतो. प्रश्नाचा मुख्य उपयोग मोजण्याचा आहे असं आपल्याला वाटतं, पण प्रश्नाचं उत्तर आठवायचा प्रयत्न करणं हे स्वतःच शिकणं असतं. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सूर्य आणि समुद्री ऊदमांजर या विषयांवरचे छोटे उतारे वाचायला दिले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला. दुसरा पुन्हा न वाचता त्यातलं आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. त्यांना काय चुकलं हे कुणी सांगितलं नाही. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवत होता, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने चित्र उलटलं. आठवून लिहिलेल्या उताऱ्यातला 56 टक्के मजकूर आठवत होता, पुन्हा वाचलेल्यातला 42 टक्के.

प्रशिक्षण बांधणाऱ्याने या आकड्यांपाशी थोडं थांबावं. कोर्स संपल्या संपल्या चाचणी घेतली, तर व्हिडिओ दोनदा पाहणाराच हुशार दिसेल. रुग्णालयाला मात्र त्या दिवशीचा गुण काही कामाचा नाही. पुढच्या महिन्यात रात्रपाळीत, घाईत, हात कुठल्या पिशवीकडे जातो त्याला महत्त्व आहे. आणि तो हात बरोबर वळवायला मदत करतं ते आठवणं. लिहून काढण्याची ती पायरी विद्यार्थ्यांना पास-नापास ठरवण्यासाठी नव्हती, तरी ती उपयोगी पडली.

मग गुण दिले तर बिघडतं काय? इस्रायलमधल्या संशोधक रूथ बटलर यांनी 1988 मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला कामावर फक्त लेखी शेरा मिळाला, दुसऱ्याला फक्त गुण, तिसऱ्याला गुण आणि शेरा दोन्ही. पुढच्या कामात शेरा मिळालेल्या मुलांची प्रगती आणि आवड दोन्ही चांगली राहिली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं जवळपास नुसते गुण मिळालेल्या मुलांसारखीच वागली. गुण शेजारी असला की शेऱ्याचा फायदा उरला नाही. मुलांवरचा निष्कर्ष मोठ्यांना जसाच्या तसा लावू नये, हे मान्य. तरीही तपासून आलेला पेपर हातात पडल्यावर आपण आधी काय शोधतो, ते प्रत्येकाने स्वतःशी आठवून पाहावं.

प्रौढांच्या बाबतीत त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे लाज. रुग्णालयातल्या मावशी कदाचित सातवी-आठवीनंतर शाळेत गेलेल्या नसतात. कचऱ्याच्या पिशव्या हाताळण्याचा त्यांचा अनुभव पुस्तकं वाचलेल्या कुणाहीपेक्षा मोठा असतो, पण ‘परीक्षा’ म्हटलं की अंगावर काटा येतो. आपला आकडा इन्चार्ज सिस्टरला दिसणार, कदाचित सूचनाफलकावर लागणार, हे कळलं की उपाय एकच उरतो. आधी सोडवलेल्या कुणीतरी स्क्रीनचा फोटो वॉर्डच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतं आणि मग सगळेच शंभर टक्के. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नापास होण्यात धोका आहे आणि शिकण्यात कुणाला रस दिसत नाही, अशी रचना आपणच त्यांच्यापुढे ठेवलेली असते.

यात सगळ्यात मोठं नुकसान प्रशिक्षण देणाऱ्याचं होतं. बिनगुणांच्या प्रश्नाला आलेलं चुकीचं उत्तर ही फार मोलाची माहिती असते. समजा रक्तपिशवीचा प्रश्न निम्म्या लोकांनी चुकवला आणि बाकी सगळे प्रश्न नीट सोडवले. तर अडचण लोकांत नाही, ती शिकवण्यात किंवा भिंतीवरच्या तक्त्यात आहे. तक्त्यावर लाल रंगापुढे मोठ्या अक्षरात ‘प्लास्टिक’ एवढंच लिहिलेलं असेल तर कोण काय करणार? तक्ता बदलला की चूक कमी होईल. उत्तरं मागवून मिळवलेल्या शंभर टक्क्यांत मात्र ही चूक दिसतच नाही. ती थेट पिशवीत दिसते.

बिनगुणांच्या प्रश्नात सगळं वजन पडतं ते उत्तरानंतर येणाऱ्या ओळींवर. तिथे ‘चूक. पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच लिहिणारा कोर्स वेळ वाया घालवतो. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे काहीतरी विचार असतो, त्या विचाराला उत्तर द्यायला हवं. कुणी सुई लाल पिशवीत टाकली, तर लिहावं: लाल पिशवीतला कचरा वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून, पुनर्वापरासाठी जातो, आणि ती पिशवी उचलणाऱ्याच्या हाताला पातळ प्लास्टिकमधून सुई टोचते. कुणी सलाइनची नळी पिवळ्या पिशवीत टाकली, तर लिहावं: पिवळ्या पिशवीतला बराचसा कचरा भट्टीत जळतो, आणि क्लोरीन असलेलं प्लास्टिक जळलं की डायॉक्सिनसारखे विषारी पदार्थ तयार होतात. तीन-चार वाक्यांत पिशवी दाराबाहेर गेल्यावर तिचं काय होतं ते समजतं. रंग मग पाठ करावे लागत नाहीत. या ओळी लिहायला प्रश्न लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

गुण कुठेच नकोत, असं मात्र नाही. गुण हवेत तिथे ते काटेकोर हवेत. एनपीटीईएल या सरकारी शिक्षण उपक्रमाचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. तिथले ऑनलाइन अभ्यासक्रम कुणीही विनाशुल्क शिकू शकतं. प्रमाणपत्र हवं असेल तर फी भरून, देखरेखीखाली, ठरलेल्या केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. बहुतेक अभ्यासक्रमांत दर आठवड्याच्या स्वाध्यायांना 25 आणि परीक्षेला 75 गुण. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारापैकी सर्वांत चांगले आठ स्वाध्याय धरले जातात. स्वाध्यायांत 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेत 75 पैकी किमान 30 असे दोन्ही मिळवावे लागतात. ही रचना मला विचारपूर्वक केलेली वाटते. चार स्वाध्याय हुकले किंवा बिघडले तरी चालतं, म्हणजे चुका करायला जागा आहे. गुणांचं मोठं ओझं जिथे ओळखपत्र तपासलं जातं तिथेच ठेवलं आहे. आणि त्या प्रमाणपत्रावर कुणीतरी खरोखर विसंबून राहतं: महाविद्यालय श्रेयांक देतं, कंपनी मुलाखतीला बोलावते. निर्णय आहे, म्हणून गुण आहेत.

शिकत असताना सुधारण्यासाठी केलेली तपासणी वेगळी आणि शिकणं संपल्यावर निवाडा करण्यासाठी केलेली तपासणी वेगळी, या भेदाचं मूळ मायकल स्क्रिव्हेन यांच्या 1967 च्या मांडणीत आहे. आपल्या डीएडच्या पुस्तकांत तो आकारिक आणि संकलित मूल्यमापन या नावांनी येतो. शिक्षकांना तो तोंडपाठ असतो. ऑनलाइन कोर्स बांधताना मात्र एकाच चाचणीकडून दोन्ही कामं करून घ्यायचा मोह होतो, आणि दोन्ही अर्धवट होतात.

आता त्या 80 टक्क्यांबद्दल. बेंजामिन ब्लूम यांनी 1968 मध्ये प्रभुत्व मिळेपर्यंत शिकवण्याची कल्पना मांडली आणि त्या परंपरेत 80 ते 90 टक्क्यांची रेघ रुळली. तिथे त्या रेघेचा अर्थ होता: इथपर्यंत पोचला नाहीस तर थांब, तुला वेगळ्या पद्धतीने पुन्हा शिकवू, मग पुढे जाऊ. कंपन्यांच्या आणि रुग्णालयांच्या कोर्सांत रेघ राहिली, पुन्हा शिकवणं गळून पडलं.

शिवाय दहापैकी आठ म्हणजे नेमकं काय? चुकलेले दोन प्रश्न कोणते, हे तो आकडा सांगत नाही. निळ्या डब्याचा रंग चुकला तर नुकसान होतं, पण सुईबद्दलचे दोन्ही प्रश्न चुकवणारा माणूस 80 टक्क्यांनी पास झाला तर तो धोका कुणाच्या तरी बोटाला टोचणार आहे. म्हणून जीवाशी गाठ असलेले प्रश्न वेगळे काढावेत. ते सगळे बरोबर यायलाच हवेत. बाकीच्यांवर रेघ ओढायची गरजही नाही.

हो-नाहीचे प्रश्न असतील तर रेघ आणखी फसवी होते. नाणं उडवून दहा हो-नाही प्रश्न सोडवले तर 60 टक्क्यांची रेघ ओलांडण्याची शक्यता जवळपास 38 टक्के असते. रेघ 80 वर नेली तर ती साडेपाच टक्क्यांवर येते. चार पर्यायांचे प्रश्न घेतले आणि रेघ 80 वरच ठेवली, तर निव्वळ अंदाजावर पास होणारा साधारण अडीच हजारांत एक सापडेल. हे एका प्रयत्नाचं गणित. अमर्याद प्रयत्न दिले आणि प्रत्येक वेळी तेच प्रश्न, बरोबर उत्तर दाखवून, तर गणिताला काहीच अर्थ उरत नाही. तिसऱ्या वेळेला कुणीही पास होतं. अमर्याद प्रयत्न वाईट नाहीत, सरावासाठी तेच हवेत. पण त्यातून निघालेल्या आकड्याला गुण म्हणू नये.

गुणांकित चाचणी आणि बिनगुणांचा सराव या दोन टोकांच्या मधली एक पद्धत मला फार आवडते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले टोनी गार्डनर-मेडविन यांनी ती वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी वापरात आणली, आणि मूडल या मोफत प्रणालीत ती तयार मिळते. उत्तर देताना आपली खात्री किती तेही सांगायचं. खात्री कमी सांगितली तर बरोबर उत्तराला 1 गुण, चुकीला शून्य. मध्यम सांगितली तर बरोबरला 2, चुकीला उणे 2. पूर्ण खात्री सांगितली तर बरोबरला 3, पण चुकीला उणे 6. हिशेब केला तर पूर्ण खात्री तेव्हाच सांगणं फायद्याचं ठरतं, जेव्हा बरोबर असण्याची शक्यता पाचात चारपेक्षा जास्त आहे. रक्तपिशवी लाल पिशवीत टाकणारा आणि ‘पूर्ण खात्री’ असं दाबणारा माणूस यातून लगेच दिसतो. ‘माहीत नाही’ म्हणणारा सिस्टरला विचारून घेतो. ठाम चुकणारा विचारत नाही, तो टाकून मोकळा होतो. असे गुण सरावातच वापरावेत, कुठे नोंदवू नयेत. उणे सहा पाहून माणूस स्वतःच दचकतो, तेवढं पुरतं.

तांत्रिक बाजूची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण पुष्कळदा निर्णय तीच घेते. कोर्स आणि एलएमएस (कोर्स चालवणारी आणि त्याची नोंद ठेवणारी प्रणाली) यांच्यातलं बोलणं अजूनही बऱ्याच ठिकाणी स्कॉर्म या मानकातून चालतं. त्याच्या 2001 साली आलेल्या 1.2 आवृत्तीत शिकणाऱ्याच्या स्थितीसाठी एकच रकाना आहे. त्यात ‘पूर्ण’, ‘अपूर्ण’, ‘उत्तीर्ण’, ‘अनुत्तीर्ण’ अशांपैकी एकच शब्द बसतो. सगळा कोर्स मन लावून पाहिलेला, पण दहापैकी सात मिळालेला माणूस तिथे फक्त ‘अनुत्तीर्ण’ दिसतो. त्याने कोर्स पूर्ण केला हे त्या रकान्यात मावत नाही. पुढच्या स्कॉर्म 2004 मध्ये पूर्ण झाला का आणि यश मिळालं का, असे दोन वेगळे रकाने केले. जुनी आवृत्ती वापरणाऱ्याने म्हणून आधी ठरवावं की अहवालात काय हवं आहे. कचरा नियमांच्या वार्षिक अहवालाला प्रशिक्षण झालेल्यांची आणि राहिलेल्यांची संख्या हवी असते. तिथे गुणांचा रकाना नाही. सगळे प्रश्न सोडवून शेवटपर्यंत पोचला म्हणजे ‘पूर्ण’, एवढी सोय केली तर कायद्याचं काम भागतं आणि कुणाच्या नावापुढे ‘अनुत्तीर्ण’ लागत नाही.

बिनगुणांच्या कोर्सचा खरा धोका आळसाचा आहे. काहीच पणाला लागलेलं नाही म्हटल्यावर माणूस ‘पुढे, पुढे’ दाबत जातो. त्यावर उपाय आहेत, पण ते गुणांइतके स्वस्त नाहीत. व्हिडिओ पंधरा मिनिटांचा एकसलग न ठेवता दोन-तीन मिनिटांनी थांबवून चित्र दाखवावं: ट्रेमध्ये पाच वस्तू, कोणती कुठे? उत्तर दिल्याशिवाय पुढचं दिसू नये. आठवड्याने मोबाइलवर तीनच प्रश्न पाठवावेत, महिन्याने आणखी तीन. आणि वॉर्डाच्या मीटिंगमध्ये सिस्टरने नावं न घेता सांगावं, ‘रक्तपिशवीला आपल्यातले बरेचजण चुकले, चला एकदा बघू.’ शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त काम करते असं माझं मत आहे, कारण त्यातून लोकांना कळतं की उत्तरं कुणीतरी वाचतंय.

तालुक्याच्या लहान रुग्णालयात एलएमएस नसतं. तिथे गूगल फॉर्मवरही हे जमतं. ‘क्विझ’ चालू करावं, प्रत्येक प्रश्नाला शून्य गुण ठेवावेत, चुकीच्या उत्तरासाठीचा खुलासा मराठीत लिहावा, आणि गुण दाखवण्याचा पर्याय बंद करावा. खुलासा मिळतो, आकडा मिळत नाही. वाचायला अडचण असणाऱ्यांसाठी प्रश्नात शब्दांऐवजी फोटो घालावेत, तेही आपल्याच वॉर्डातल्या डब्यांचे.

नव्याने रुजू झालेल्यांसाठी निवाडा हवा, कारण त्यांना एकट्याने काम द्यायचं की नाही हे कुणीतरी ठरवणार असतं. तो निवाडा मात्र पडद्यावर होऊ नये. ट्रॉलीजवळ उभं राहून, खऱ्या सिरिंजची सुई खऱ्या कटरने कापून घ्यावी, आणि बघणाऱ्याने छोट्या यादीवर खुणा कराव्यात. चार पर्यायांतून बरोबर डबा ओळखणारा माणूस सुईला टोपण परत लावताना स्वतःला टोचून घेऊ शकतो. ते कुठल्याही क्विझमध्ये दिसत नाही.

वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या उजळणीला गुणांची गरज मला तरी दिसत नाही. प्रशिक्षणाचा परिणाम तपासायचा तर रुग्णालयाकडे त्यापेक्षा चांगली साधनं आधीच आहेत. रोजच्या कचऱ्याची रंगनिहाय नोंद नियमानेच ठेवावी लागते, आणि सुई टोचल्याच्या घटनांचीही नोंद होते. उजळणीआधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने शेजारी ठेवून बघावेत, वॉर्डनिहाय बघावेत. आणि कोर्सच्या पहिल्याच पडद्यावर मोठ्या अक्षरात सांगावं की तुमची उत्तरं कोण बघणार आहे आणि त्यावरून काय करणार आहे. हे आधी ठरलं की कुठला प्रश्न गुणांकित ठेवायचा आणि कुठला नाही, हे ठरवायला फार वेळ लागत नाही.